झिपरीच्या तोंडात काय आहे

२ जून

ऑफिसात प्रत्येक कामाच्या नोंदी ठेवायची सवय आहे, म्हणून याही कामाच्या ठेवते आहे. नवरा हसला. हसू दे.

काम: झिपरीला घरात रुळवणं. मुदत दहा आठवडे.

हजेरीपट असा. झिपरी, कॉकर स्पॅनियल, मादी, वय ३, वजन १२.१ किलो. आधीचं कुटुंब दूर गेलं, त्यांना तिला नेता येईना, म्हणून आमच्याकडे. डबू, लॅब्रडॉर, नर, वय ९, पिल्लू असल्यापासून आमचा. मावशी, मांजर, वय ६, घराची मालकीण. कापूस आणि शेवरी, ससे, दोघांची नसबंदीची शस्त्रक्रिया झालेली. शिवाय चार माणसं: मी, नवरा, सहावीतली लेक आणि सासूबाई. आईंनी आधीच सांगून टाकलंय, "कुत्रं तुमचं. मला त्यात ओढू नका."

उद्दिष्ट: दहा आठवड्यांनी पाचही जीव एका खोलीत, कुणी कुणाच्या अंगावर न धावता, अर्धा तास.

मावशीला वरची खोली दिली. खाणं, पाणी, शी-शूसाठी मातीचा ट्रे, खिडकी, सगळं तिथेच. दाराला बेबी गेट, गेटवर चादर. सशांची खोली वेगळी, तिला कडी.

झिपरी दुपारी तीनला आली. पाच मिनिटांत प्रत्येकाच्या पावलावर हनुवटी टेकवून झाली. आईंनी पाय काढून घेतला. तिने हनुवटी उचलली आणि पाय जिथे गेला तिथे परत ठेवली.

३ जून

रात्रभर कुईकुई. दोन वाजता मी उशी घेऊन तिच्या अंथरुणाशेजारी जमिनीवर आडवी झाले, तेव्हा गप्प झाली.

आज घरून काम होतं. मी खुर्चीतून १९ वेळा उठले, झिपरी १९ वेळा उठली. न्हाणीघराच्या दाराखालून नाक. डबू एकदाही उठला नाही. त्याला माहीत आहे की मी परत येतेच.

संध्याकाळी पहिली चोरी: लेकीचा मोजा. लेक किंचाळली, मी एका बाजूने धावले, नवरा दुसऱ्या बाजूने, आणि झिपरी पलंगाखाली. अंग ताठ, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणारा, घशातून बारीक गुरगुर. हात घातला नाही. गुरगुरणाऱ्या कुत्र्याच्या तोंडातून वस्तू ओढायची नसते एवढं डबूच्या लहानपणी शिकले होते. तिचं लक्ष दुसरीकडे वेधून मोजा मिळवला. दोन तुकड्यांत मिळाला.

५ जून

मावशी अजून गेटपलीकडेच. दोघींची अंथरुणं पुसलेले टॉवेल अदलाबदल केले. झिपरीचा टॉवेल हुंगून मावशीने त्यावर पाठ फिरवली आणि त्याच्या टोकावर बसली. मावशीचा टॉवेल झिपरी तोंडात धरून घरभर मिरवत होती.

खाणं दाराच्या दोन बाजूंना, एकाच वेळी. आधी दारापासून दोन-दोन मीटरवर, रोज वीतभर जवळ. घाई नाही.

९ जून

आठवड्याचा हिशोब. चोऱ्या २३. मोजे ११, चपला ४, रिमोट २, लेकीची कंपासपेटी, नवऱ्याचा चष्म्याचा डबा, आईंच्या चष्म्याची दोरी, एक हातरुमाल, एक उशीचा अभ्रा (उशीसकट), आणि एक कपड्यांचा चिमटा. पाठलाग २३ वेळा. फाटल्या-मोडल्या ६ वस्तू. एका मोज्याचा अंगठ्याकडचा भाग सापडलाच नाही, त्यामुळे दोन दिवस तिच्या शीवर आणि भुकेवर नजर ठेवून होतो. मोजा आतड्यात अडकला तर पोट उघडायची वेळ येते. तिसऱ्या दिवशी तो तुकडा बाहेर पडला. लेकीने शोधला आणि तिला स्वतःचा फार अभिमान वाटला.

रात्री जेवताना मी विचारलं, "पहिल्या दिवशी मोजा उचलल्यावर ती कुठे पळाली?" लेक म्हणाली, "पळाली नाही. माझ्याकडे येत होती. मी ओरडले, मग पळाली."

याच्यावर दोन तास विचार करत बसले.

झिपरीची जात गनडॉगची. गनडॉग म्हणजे बंदूक घेतलेल्या माणसाबरोबर काम करायला घडवलेली कुत्री. त्यांच्यात ढोबळ तीन कामं. पॉइंटर आणि सेटर लांबवर धावत पक्ष्याचा वास काढतात आणि सापडला की जागीच थिजून तो दाखवतात. रिट्रीव्हर पडलेला पक्षी शोधून, दात न लावता, आणून हातात देतात. स्पॅनियल झुडपांत घुसून दडलेला पक्षी किंवा ससा उठवतात. कॉकर हे नावच वुडकॉक पक्ष्यावरून पडलं. पण स्पॅनियलला एक अट असते: जे उठवायचं ते बंदुकीच्या टप्प्यात, म्हणजे माणसापासून पंचवीस-तीस मीटरच्या आत. त्याबाहेर उठवलेला पक्षी गेलाच. तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या पैदास कुणाची झाली? जो झुडपातून दर थोड्या वेळाने मान वळवून माणूस कुठे आहे ते बघत राहिला, त्याची. आणि पक्षी पडला की तोही आणून द्यायचं काम बऱ्याचदा स्पॅनियलवरच.

म्हणजे न्हाणीघराच्या दाराखालचं नाक हा लाडिकपणा आहेच, पण त्याआधी तो टप्पा राखणं आहे. आणि मोजा ती आणून देत होती. आम्ही सात दिवस खपून तिला पळायला शिकवलं.

१० जून

नवा नियम, सगळ्यांना लागू. झिपरीच्या तोंडात काही दिसलं तर ओरडायचं नाही, उठायचं नाही, हात पुढे करायचा नाही. जमिनीवर आडव्या अंगाने बसायचं, तिच्याकडे रोखून बघायचं नाही, हात खाली सैल. ती आली तर छाती खाजवायची, मानेखाली खाजवायचं. वस्तूला हात नाही. मनात दहा मोजायचे. मग हनुवटीखाली तळवा धरून "दे". दिली की शाब्बास, आणि धोक्याची नसेल तर अधूनमधून तीच वस्तू तिला परत.

हे शेवटचं नवऱ्याला पटेना. "परत द्यायची तर घेतली कशाला?" मी म्हटलं, दर वेळी घेतलेली वस्तू जप्तच होणार असेल तर तू तरी देशील का?

धोक्याच्या गोष्टी मात्र तिच्या उंचीवर असताच कामा नयेत. औषधं, बटण-सेल, सुया, चॉकलेट, मनुका आणि द्राक्षं, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) घातलेला च्युइंगगम. एक संध्याकाळ घर तिच्या उंचीवरून बघत रांगले. सोफ्याखाली दोन गोळ्या सापडल्या, कुणाच्या ते कुणी कबूल केलं नाही.

१२ जून

पहिल्यांदा आपणहून हातात दिली. चप्पल. डाव्या पायाची, माझी, ओली, अखंड. तिचं मागचं सगळं अंग हलत होतं, तेवढीशी शेपटी पुरेना म्हणून.

उजव्या पायाची आणायला लगेच गेली.

१५ जून

पाऊस. फिरणं अर्धं. डबू ओला, झिपरी ओली, सोफा ओला. नोंद करण्यासारखं आणखी काही नाही.

१७ जून

झिपरी दोन दिवस डोकं झटकते आहे. डावा कान उचलला तर आंबूस, ओलसर वास आणि तपकिरी मळ. कापसाची काडी घातली नाही. कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली जाते आणि मग आत वळते, काडीने मळ त्या वळणावर दाबून बसतो. त्यावर स्पॅनियलचा कान म्हणजे केसाळ, जड पडदा. आत हवा खेळत नाही, पावसाचं पाणी सुकत नाही, ओलाव्यात यीस्ट नावाच्या बुरशीला फावतं.

डॉक्टरांनी मळाचा नमुना काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. यीस्टच निघालं. कान धुवायचं द्रावण, चौदा दिवस थेंब, मग पुन्हा दाखवायचं. बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवायचं नाही, हे डॉक्टर तीनदा म्हणाले. माझा चेहरा मध्येच थांबवणाऱ्यांपैकी दिसत असावा. सारखं झटकत राहिली तर कानाच्या पाळीत रक्त साकळून ती उशीसारखी फुगते, हेही सांगितलं.

घरी बदल: कानाच्या आतल्या बाजूचे केस बारीक कापले. पाण्याचं भांडं उंच आणि तोंडाशी अरुंद घेतलं, कान बाहेर लोंबतात. जेवताना लेकीची जुनी लोकरी पट्टी डोक्यावरून कानांवर. त्या अवतारात झिपरी एखाद्या थंडी वाजणाऱ्या म्हातारीसारखी दिसते. आई पहिल्यांदा तिच्याकडे बघून हसल्या.

२१ जून

आज डबूचा दिवस. डॉक्टरांकडे गेलोच होतो म्हणून त्यालाही काट्यावर चढवलं: ३८.४ किलो. असायला हवा ३३च्या आसपास. बरगड्या हाताला लागायला हव्यात, लागत नाहीत. वरून बघितलं तर कंबर दिसायला हवी, डबू वरून पाटासारखा दिसतो.

नवरा म्हणाला, "तो खातो तरी किती!" खरं तर आपण घालतो किती. पण डबूच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रडॉरमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळलेला असतो. ज्यांच्यात तो गळलेला, त्यांचं वजन जास्त आणि खाण्याची ओढ जास्त. डबूची तपासणी केलेली नाही. पण त्याने एकदा मावशीच्या ट्रेमधलं ऐवज खाऊन वर मातीही चाटली होती, तेव्हा मला पुराव्याची गरज वाटत नाही.

(लॅब्रडॉर हा मुळात लॅब्रडॉरचा नव्हेच. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर जाळी आणि निसटलेले मासे पाण्यातून ओढून आणायचे. गार पाण्यात दिवसभर राबणाऱ्याची भूक घेऊन डबू आमच्या सोफ्यावर झोपतो.)

दुसरा एक जुना प्रयोग मी फ्रिजवर लिहून लावला आहे, कारण घरातल्यांना दयेपेक्षा आकडा लवकर कळतो. ४८ लॅब्रडॉर, त्यांच्या जोड्या लावलेल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं, आयुष्यभर. निकाल २००२ साली छापून आला: कमी खाणारे साधारण १३ वर्षं जगले, दुसरे ११.२. सांध्यांचं दुखणंही कमी खाणाऱ्यांना उशिरा लागलं. डबू ९ वर्षांचा आहे. पावणेदोन वर्षं म्हणजे त्याच्या हिशोबात फार मोठी गोष्ट.

आजपासून खाणं वाटीने नाही, वजनकाट्यावर. दिवसाचा वाटा सकाळी एका डब्यात काढायचा, दिवसभरातली बक्षिसं त्याच डब्यातून. मावशीचं खाणं उंच फडताळावर. वरच्या गेटची खालची फट १२ सेंटीमीटर केली: मावशी खालून सरपटत जाते, डबूचं फक्त नाक जातं. नाकाने ट्रे रिकामा करता येत नाही.

२५ जून

आज थोडक्यात निभावलं. सविस्तर लिहिते.

पावसामुळे गोचिड्या वाढल्या म्हणून नवऱ्याने कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या औषधाचे थेंब आणले. मोठ्या कुत्र्याचं पाकीट. डबूला टाकले, आणि उरलेल्यातले दोन थेंब मावशीच्या मानेवर टाकायला वर निघाला होता. "अगं, एवढीशी तर आहे, दोन थेंबांनी काय होतंय!" मी जिन्यात होते. पाकिटावर मांजराचं चित्र होतं आणि त्यावर फुली होती. त्याला वाटलं, मांजराचं चित्र आहे त्याअर्थी मांजरालाही चालतं. चष्मा लावला नव्हता. (चष्म्याचा डबा झिपरीने मोडला होता, म्हणजे साखळी बघा कुठून कुठे.)

त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक होतं. कुत्र्याला ते चालतं. मांजराचं यकृत ते नीट मोडून बाहेर टाकू शकत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, जीव जातो. दोन थेंबही पुष्कळ. टाकलेल्या कुत्र्याच्या अंगाला मांजर घासलं, तिने त्याची मान चाटली, तरी बाधा होऊ शकते. मावशी रोज रात्री डबूच्या पोटाला टेकून झोपते.

डॉक्टरांना फोन केला. डबूला खालच्या खोलीत बंद, औषध पूर्ण सुकेपर्यंत आणि त्यांनी सांगितलं तेवढा वेळ. मावशी वर, दार बंद. दोघेही रात्रभर आपापल्या दाराशी बसून होते. नवराही जिन्यात बसून होता, त्याला कुणी काही बोललं नाही.

पुढच्या वेळेपासून कुत्र्यांना मांजराच्या घरात चालणारं दुसरं औषध. कपाटात दोन डबे केले, लाल झाकण कुत्र्यांचं, पांढरं मावशीचं. पॅरासिटामॉल दोन्हींतून बाहेर, माणसांच्या कपाटात, कारण मांजराला तीही विषच.

३० जून

दिवाणखान्यात पहिली भेट. आधी झिपरीला भरपूर हुंगत-हुंगत फिरवून आणलं, दमलेली बरी. मावशीची नखं काल कापली: स्पॅनियलचे डोळे मोठे आणि पुढे, एक नख लागलं तर बुबुळावर ओरखडा. मावशीसाठी पुस्तकांच्या कपाटाचा माथा मोकळा केला, तिथून जिन्याकडे थेट वाट. झिपरी पट्ट्याला, पट्टा माझ्या पायाखाली.

मावशी कपाटावर येऊन बसली. झिपरीची नजर लागली. इथे खरी परीक्षा: ताठ अंग, बंद तोंड, पापणी न लवणारी नजर म्हणजे खेळ नव्हे. मी काही बोलले नाही. १२ सेकंदांनी तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तीच ती स्पॅनियलची मान. लगेच बक्षीस. पुन्हा मावशीकडे, पुन्हा माझ्याकडे, बक्षीस. सहा मिनिटांत नजर काढून घ्यायला दोन सेकंद पुरायला लागले. तिथेच थांबवलं.

कुत्र्याला मांजराकडे बघू नको असं शिकवता येत नाही. बघून झाल्यावर आपल्याकडे बघ, हे शिकवता येतं.

४ जुलै

पाचवी भेट. मावशी खाली उतरली, चालत आली, झिपरीच्या नाकावर एक थप्पड मारली (नखं आत) आणि तिच्याच अंथरुणावर बसली. झिपरी बाजूला फरशीवर. प्रश्न मिटलेला दिसतो, आमच्याशी सल्लामसलत न करता.

कानाची फेरतपासणी झाली. स्वच्छ.

८ जुलै

ससे. इथे मी चुकले.

मांजराचं जमलं त्या भरात परवा सशांच्या खोलीत जाळीबाहेर चार मीटरवर झिपरीला पट्ट्याला बसवलं. ती वेडीवाकडी ओढली नाही, भुंकली नाही. नुसती थरथरत होती, नाकपुड्या मिटत-उघडत. कापसाने मागचा पाय फरशीवर आपटला, धप्प. शेवरी कोपऱ्यात चपटी झाली, डोळे बाहेर. मला वाटलं, झिपरी किती शांत बसली आहे. मी बघत होते झिपरीकडे. चूक तीच.

त्या रात्री शेवरीने गवताला तोंड लावलं नाही. सकाळी तिच्या बाजूला लेंड्या नाहीत. ससा दहा-बारा तास खात नाही याचा अर्थ उद्या बघू असा नसतो. त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं, भीतीने, दुखण्याने किंवा गवत कमी पडल्याने ते थांबलं की पोटात वायू धरतो आणि जनावर हातचं जातं. सरळ दवाखान्यात. सलाईन, वेदनाशामक, आतडं हलवायचं औषध, आणि दर तीन-चार तासांनी सिरिंजने पातळ खाणं भरवणं. लेक रात्री दोनच्या पाळीला उठली, न सांगता.

आज पहाटे ट्रेमध्ये लेंड्या. लहान, वेड्यावाकड्या, पण लेंड्या. आमच्या घरात यापूर्वी शीबद्दल इतका आनंद झालेला नाही. हे मी ९ जूनलाही लिहिलं असतं.

९ जुलै

उद्दिष्ट बदललं. पाचऐवजी तीन: झिपरी, डबू, मावशी. ससे त्यात नाहीत, कधीच नसतील.

नवरा म्हणाला, "म्हणजे प्रकल्प फसला?" मी म्हटलं, उद्दिष्टच चुकीचं लिहिलं होतं. ससे उठवायलाच ज्या जातीची पैदास झाली तिला सशापुढे शांत बसवणं मला कदाचित जमलंही असतं. पण तिच्या शांत बसण्याचा अर्थ शेवरीला कोण समजावणार? तिच्यासाठी चार मीटरवर बसलेला, टक लावलेला कुत्रा म्हणजे धावायच्या आधीचा कुत्रा. दोन प्राण्यांची दोस्ती जुळवण्याच्या हौसेत एकाला बोलताच येत नाही हे विसरायला होतं.

दोन दारांचा नियम: सशांच्या आणि झिपरीच्या मध्ये कायम दोन बंद दारं. ससे आता संध्याकाळी जास्त उड्या मारतात, हवेत अंग पिळून, की माझ्या मनाची समजूत आहे, ठाऊक नाही.

१६ जुलै

शिट्टी आली. साधी, कुत्र्यांसाठीची, एकाच सुराची. एक लांब फुंक म्हणजे जागीच बस. लागोपाठ तीन-चार छोट्या म्हणजे परत ये. शिकारी कुत्र्यांना हेच शिकवतात आणि झिपरी ते चार दिवसांत शिकली. शिट्टीचा मोठा गुण असा की तिच्यात राग ऐकू येत नाही. मी वाजवली, लेकीने वाजवली, वैतागलेल्या नवऱ्याने वाजवली, झिपरीला सारखीच.

सोबत एक डमी: कापडाची, भरीव, अर्ध्या किलोच्या आतली. रोज संध्याकाळी दहा मिनिटं. आधी तिला बसवायचं, डमी टाकायची, आणि ती बसून राहिली तरच "आण". दहातल्या निम्म्या वेळा मीच जाऊन उचलते, नाहीतर टाकली की धावायची सवय लागते. मग घरात लपवून शोधायला लावायची. नाक दहा मिनिटं कामाला लागलं की ती तासभर फिरवल्यासारखी दमते.

डबूही यायला लागला. नऊ वर्षांत त्याला कुणी हे शिकवलं नव्हतं. पहिल्याच दिवशी डमी आणून माझ्या तळहातावर ठेवली, इतकी हलकी की कळलं नाही. मग खाऊच्या डब्याकडे बघितलं. दोघांत फरक हाच. डबू खाऊसाठी देतो, झिपरीला देऊन झालं की झालं.

२३ जुलै

चिकटपणावर काम. मी घरात असताना ती मागे आली तर मला चालतं. मी नसताना तिचा जीव कासावीस होतो, ते नाही चालत. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं बाहेर गेले होते तेव्हा कॅमेऱ्यात दिसलं: दाराशी येरझाऱ्या, धापा, उंबरा ओरबाडणं. ही शरारत नव्हे, घाबरणं आहे, आणि घाबरण्याला शिक्षा केली तर ते वाढतं.

महिनाभर रोज जाऊन येणं चालू आहे. ३० सेकंद, एक मिनिट, पुन्हा ३० सेकंद, तीन मिनिटं. ती अस्वस्थ व्हायच्या आत परत. किल्ल्या उचलून बाहेर न जाता नुसतं बसायचं, म्हणजे किल्ल्यांच्या आवाजाचा अर्थ पुसट होतो. मध्ये विजा कडाडल्या आणि चाळीस मिनिटांवरून पाचवर आलो. आज एक तास दहा मिनिटं. कॅमेऱ्यात: डबूच्या पाठीवर हनुवटी, झोप.

हनुवटी टेकवायला कुणीतरी लागतं, ते मीच असायला हवं असं नाही. थोडं लागलं मनाला.

३ ऑगस्ट

सकाळी आईंचं श्रवणयंत्र सापडेना. उशाशी ठेवलेलं. सगळ्यांनी एकदमच झिपरीकडे पाहिलं. आत बटण-सेल. गिळला असेल तर अन्ननलिका भाजते, थांबायचं नसतं. नवरा अंथरुणं उपसतोय, लेक टेबलाखाली, मी डॉक्टरांना फोन करत "झिपरी! कुठे आहेस? झिपरी!" असं घरभर. ती दिसेना. क्ष-किरणात सेल लगेच दिसेल, लगेच घेऊन या, असं डॉक्टर म्हणाले. मी पट्टा घेऊन वळले.

आई खुर्चीत नव्हत्या. जमिनीवर बसल्या होत्या, गुडघे दुखत असताना, आडव्या अंगाने, हात खाली सैल. कपाट आणि भिंतीच्या फटीतून झिपरी बाहेर आली. एक गाल फुगलेला. माझ्यासमोरून गेली, नवऱ्यासमोरून गेली. आईंनी तिची छाती खाजवली. ओठ हलताना दिसले, दहा मोजत होत्या. मग तळवा धरला. "दे."

यंत्र ओलंचिंब. दाताचा एक ओरखडा नाही. सेल आत.

"तुम्ही तिघं ओरडत होतात," आई म्हणाल्या. "मग ती कशी येणार?"

नियम मीच लिहिला होता. फ्रिजवर अजून आहे, डबूच्या आकड्यांशेजारी.

४ ऑगस्ट

सेल काढून, झाकण उघडं ठेवून रात्रभर सुकवलं. चालू झालं. आई म्हणतात, आता जरा जास्तच ऐकू येतं. यंत्राला झाकणाची डबी, डबी कपाटात.

डबू: ३६.९ किलो.

१० ऑगस्ट

दहा आठवडे झाले. झिपरी, डबू, मावशी दिवाणखान्यात, पट्टा नाही, गेट उघडं, अर्धा तास. खरं तर गेले दोन आठवडे ते दिवसभर तसेच असतात, घड्याळ लावायची गरज नव्हती. या आठवड्यात "आणलेल्या" वस्तू ३१. चोरी हा रकाना बंद केला. फाटलेल्या: ०. आईंना मिळालेल्या: १४, बहुतेक चिमटे. आई ते एका डब्यात साठवतात आणि दोरीवर परत लावायला मला देतात.

रात्री साडेनऊ. मावशीने स्वयंपाकघरात काहीतरी पकडलं, दिवाणखान्यात आणून टाकलं आणि नेहमीप्रमाणे बाजूला बसून अंग चाटायला लागली. मला चष्म्याशिवाय दिसेना. झिपरी उठली, टाकलेली वस्तू हलकेच उचलली, माझ्यापुढे येऊन बसली. गाल फुगलेला. मी तळवा धरला, "दे."

उंदीर. जिवंत, ओला, अखंड, माझ्याइतकाच चकित.

नियम सगळ्यांना लागू. "शाब्बास," म्हटलं. आवाज जरा वर गेला, पण म्हटलं. उंदराला बाहेर सोडलं, हात साबणाने दोनदा धुतले. आत आले तर झिपरी स्वयंपाकघराच्या दाराशी बसली होती, मावशी पुन्हा काही टाकते का ते बघत.